दुखल्यास द्यावे

आमच्या घरात माणसं दोन आणि किडन्या तीन. हा विनोद ह्यांचा, पाहुण्यांसमोर ठेवणीतला. मला त्याचं अजून हसू येत नाही. चौथी किडनी गेली त्यात माझ्या हट्टाचा वाटा मोठा होता, हे ह्यांना ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. बाहेर आम्ही कधी बोललो नाही. मी नर्स. जळगावात उभी हयात लोकांना सुया टोचण्यात गेली, म्हणजे अडाणीपणानं झालं असं म्हणायचीही सोय नाही.

हे एसटीत कंडक्टर होते. जळगाव-धुळे, धुळे-जळगाव. उन्हाळ्यात त्या गाडीत उभं राहायचं म्हणजे भट्टीत उभं राहायचं. आणि आमचे हे पाणी प्यायचे नाहीत. पाणी प्यालं की लघवीला उतरावं लागतं, उतरलं की गाडी थांबते, गाडी थांबली की लोक बोंबलतात. म्हणून सकाळी घरून एक तांब्या, की थेट धुळ्याला चहा. मी सांगून सांगून थकले. "अगं, तुझ्या दवाखान्यातलं ज्ञान गाडीत चालत नाही," म्हणायचे. चाललं नाहीच. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास, एका दुपारी ड्युटीवरून आले ते पिंप्राळ्याच्या आमच्या खोलीत दारातच आडवे झाले. मुतखड्याची कळ काय असते ते मी वॉर्डात रोज बघत होते. पण आपलं माणूस फरशीवर लोळताना बघणं निराळं.

गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी एक इंजेक्शन दिलं. अफूच्या जातीचं, पण कारखान्यात तयार झालेलं, कडक दुखण्यावरचं. दहा मिनिटांत ह्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. डोळे मिटून म्हणाले, "आई गं, सुटलो." एक्स-रेत खडा दिसला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या, पडून जाईल. त्यांनी चिठ्ठी लिहिली. पाण्याचं लिहिलं, गोळ्यांचं लिहिलं आणि शेवटी त्या इंजेक्शनचं नाव लिहून पुढे लिहिलं, दुखल्यास द्यावे. वर मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही घरात आहातच. वेळी-अवेळी माझ्याकडे धावायला नको."

मी फुशारले. खोटं कशाला सांगू? गल्लीतल्या बायकांना मी हे चार वेळा ऐकवलं.

खडा पडला. दीड महिन्याने पडला. मी लघवी फडक्यातून गाळायला लावत होते, त्यात सापडला, ज्वारीच्या दाण्याहून थोडा लहान, काटेरी. ह्यांनी तो काड्यापेटीत घातला आणि डेपोतल्या कॅन्टीनमध्ये लोक जेवत असताना उघडून दाखवला. दोघांनी ताट सारलं म्हणे. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण दुखणं थांबलं नाही. आठवड्याला एकदा, मग दोनदा, मग दिवसाआड. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा असेल. मी म्हटलं, असेल. दुसरा फोटो काढावा असं त्यांनी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. मी चिठ्ठी घेऊन गेले की ते तारीख बदलून द्यायचे. सिस्टर सांगतायत म्हणजे दुखतच असणार, असं त्यांना वाटायचं. डॉक्टर देतायत म्हणजे ठीकच असणार, असं मला वाटायचं.

आणि दोष द्यायला आमच्याकडे भरीत होतं. आमच्या भागात थंडी पडली की वांग्याच्या भरिताला ऊत येतो. शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर ती हिरवीपांढरी वांगी भाजायची, मिरच्या ठेचायच्या आणि पंक्ती बसवायच्या. आता, मुतखड्याच्या माणसानं वांग्याचं बी खाऊ नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं तरी घरात तो कायदाच होता. आमचे हे नेमकं तेच खायचे. ह्या मित्राकडे पंगत, त्या डेपोची पार्टी, घरी येऊन तासाभरात कमरेला हात. "अगं, उठलं गं!" की मी आधी विचारायची, "काय खाल्लं?" आणि हे मान खाली घालून सांगायचे, "भरीत."

मग माझा पट्टा सुरू. मी जात्याच तिरसट. "जीभ आहे की चामड्याचा तुकडा? मरा त्या वांग्यापायी!" एकीकडे हे बोलत एकीकडे सुई उकळायला ठेवायची. सासूबाई अमळनेरकडच्या खेड्यातल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्या आमच्याकडे आल्या की मला दटावायच्या, "अवं माय, पोर्‍याले दुखी ऱ्हायनं, आनि तू भांडी ऱ्हायनी!" पोराला दुखतंय आणि मी भांडतेय, हे त्यांना बघवायचं नाही. मग कुळथाचा काढा करायला बसायच्या. कुळथाच्या वासाने घर भरून जायचं, हे नाक मुरडत प्यायचे आणि तरी शेवटी सुई लागायचीच. उन्हाळा आला, वांगी संपली. तर म्हणे टोमॅटो खाल्ला, पालक खाल्ला. आमचं भांडण पथ्याचं, वर्षभर पथ्याचंच.

ह्यात काय काय दिसलं नाही मला, ते आता मोजते. सकाळी ह्यांचं नाक गळायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. जांभया तर अशा की जबडा निखळेल. अंगावर काटा. मी म्हणायची, सर्दी मुरलीय, आणि हळद-दूध द्यायची. सुई दिली की सर्दीही जायची, हे मी रोज बघत होते. मांड्या कडक होत चालल्या होत्या. सुई आत जाईना, दाब द्यावा लागायचा, लाकडात टोचल्यासारखं. मी मिठाच्या पुरचुंडीने शेकायची आणि जागा बदलायची. दवाखान्यात दुसऱ्या कुणाचा नवरा असा समोर आला असता तर मी दारातूनच ओळखला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते असं.

एके दिवशी भर दुपारी ह्यांच्या गाडीचा ड्रायव्हर ह्यांना घरी घेऊन आला. भला माणूस. दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, रागावू नका, पण भाऊंचं काहीतरी बघा." झालं असं की एरंडोलला एक म्हातारी उतरत होती. तिचा एक पाय पायरीवर, एक खाली. हे मागे उभे. ह्यांनी खाली न बघता टणटण डबल बेल दिली. गाडी हलली, म्हातारी खाली. नशीब म्हणून चाकापासून लांब पडली. कोपरं सोलली, बाकी धडधाकट. उठून तिनं ह्यांना विचारलं, "भाऊ, तुना डोया उघडा शेत का रे?" उघडेच होते म्हणे. त्यातून बघत कुणी नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "आजकाल बेल द्यायलाच विसरतात, वहिनी. लोक ओरडले की देतात. आज उलटं झालं."

तो गेल्यावर मी ह्यांना समोर बसवलं. नाक गळायला लागलं होतं, हात पोटावर गेला होता. मी सवयीने विचारलं, "आज काय खाल्लं?"

ह्यांनी बाहीने नाक पुसलं. मग म्हणाले, "काही नाही खाल्लं. आज खायला वेळच नाही मिळाला."

"मग दुखतं कसं?"

"दुखतं आधीच. खातो मी नंतर." मला कळेना. ह्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "अगं, पोटात आवळायला लागतं, अंग मोडायला लागतं, सुई पाहिजे असं होतं. पण नुसतं तसं सांगितलं तर तू देशील का? तू विचारतेस, काय खाल्लं. म्हणून मी वाटेत कुठेतरी भरीत खातो. आवडतही नाही आता. गिळतो. मग घरी येतो."

वर्षभर मी त्या वांग्याशी भांडत होते. माणूस माझ्या शिव्या खायची सोय करून घरी येत होता, कारण शिव्यांच्या मागून सुई येते हे त्याला पाठ झालं होतं. आणि ती सुई माझ्याच हाताची. त्या दिवशी मी खूप रडले, आणि रडता रडता ह्यांना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

धुळ्याला एक वयस्क डॉक्टर होते, माझ्या शिकाऊ दिवसांतले ओळखीचे. मी ह्यांना त्यांच्याकडे नेलं. त्यांनी फोटो काढला. खड्याचा मागमूस नाही. मी म्हटलं, "बघा साहेब, भरीत बाधलं म्हणत वर्षभर खोटं बोलला हा माणूस." डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाई, भरिताचं खोटं असेल. दुखणं खोटं नव्हतं. खड्याचं दुखणं पहिल्या दीड महिन्यात संपलं. पुढचं औषधाचं. ते अंगातून उतरलं की शरीर ओरडतं. नाक गळतं, जांभया येतात, पोटात पिळवटतं. मग पुन्हा दिलं की शांत. आणि रोज मिळालं की शरीर तेवढ्यावर भागवत नाही, जास्त मागतं."

मी विचारलं, "म्हणजे औषधच वाईट?"

"औषध उत्तम आहे. मी उद्या कुणाचं पोट उघडलं तर हेच देईन. चिठ्ठीत काय लिहिलंय ते वाचा. दुखल्यास. किती दिवस? दिवसातून किती वेळा? आठ दिवसांनी बघणार कोण? कुणी लिहिलंच नाही." मग ह्यांच्याकडे वळून विचारलं, दारू घेता का, झोपेच्या गोळ्या घेता का. हे नाही म्हणाले. "नशीब समजा. दोन्ही एकत्र झालं की श्वास मंदावतो आणि माणूस झोपेत जातो."

मला वाटत होतं, आजपासून बंद, तडकाफडकी. डॉक्टरांनी साफ नकार दिला. एकदम तोडलं तर हाल होतील आणि हे लपून कुठेतरी गाठतील, म्हणाले. थोडं थोडं कमी करायचं, आणि तेही त्यांच्या नजरेखाली. हे आजारपणाची रजा काढून धुळ्याला राहिले, मीही रजा काढली. किती वाईट दिवस होते ते. हगवण, तळमळ, अंथरुणात पाय झाडणं. एकदा हे माझ्या पाया पडायला लागले आणि मी तोंड फिरवून खिडकीशी उभी राहिले. पण उतरलं. हळूहळू उतरलं. हसायला लागले, नर्सिंगच्या पोरींना गाडीतले किस्से सांगायला लागले. जळगावला परतताना एरंडोलच्या थांब्यावर उगाच खाली उतरून आले. म्हातारी दिसते का बघितलं म्हणाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. लोकांना सांगताना आम्ही इथेच संपवतो.

पण मी घरी आले ती पोलीस होऊन आले. ह्यांनी जांभई दिली की माझं लक्ष. शिंकले की लक्ष. बिचाऱ्याला आपल्या घरात जांभई द्यायची चोरी. डोकं दुखतं म्हणाले तर मी म्हणायची, बाम लावा. दात दुखला तर लवंग. दाताच्या डॉक्टरकडे मी स्वतः बरोबर गेले आणि ह्यांच्यादेखत बजावलं, ह्यांना कडक काही द्यायचं नाही, ह्यांना सवय लागते. हे खुर्चीत तोंड उघडून पडलेले, बोलताही येईना, नुसते कानापर्यंत लाल झाले. मला त्याचं काही वाटलं नाही. दुधानं तोंड पोळलं होतं, मी ताक फुंकून पीत होते. धुळ्याच्या डॉक्टरांचं निम्मं बोलणं मी नीट ऐकलं होतं, निम्मं सोयीने विसरले होते.

अशी पाचेक वर्षं गेली. मग एका वैशाखात हे ड्युटीवरून आले आणि भिंतीला टेकून बसले. जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "काही नाही, ऊन लागलंय." दुसऱ्या दिवशी डावी बाजू धरून चालत होते. मी म्हटलं, "दुखतंय का?" तर म्हणाले, "थोडं." आणि मग मी जे बोलले ते बोलले. "दुखतंय, की आठवण येतेय?"

हे उठले. पाण्याचा तांब्या घेऊन आतल्या खोलीत गेले.

मी जवाचं पाणी दिलं, साधी पोटदुखीची गोळी दिली. डॉक्टरकडे नेलं नाही. नेलं तर ते इंजेक्शन देतील, आणि इंजेक्शन दिलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून, हे एवढंच माझ्या डोक्यात. तिसरा दिवस गेला, चौथा गेला. हे कण्हत नव्हते. मला वाटलं, बघ, कण्हत नाही म्हणजे तसं विशेष काही नाही. पहिल्या वेळी कसे लोळले होते! पाचव्या दिवशी सकाळी थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती. हात लावला तर भाजलं. तेव्हा माझ्यातली नर्स जागी झाली. इतका वेळ नुसती बायको जागी होती, आणि तीही चिडलेली.

धुळ्याला नेलं. ते जुने डॉक्टर निवृत्त झाले होते, नवे होते. मूत्रनळीत खडा घट्ट बसलेला, वर पू साचलेला. किडनी काढावी लागली. मी डॉक्टरांना विचारलं, लवकर आणलं असतं तर? ते म्हणाले, खडा बरेच दिवस आधीपासून अडकला असेल, नक्की सांगता येत नाही. चार दिवस आधी आला असतात तर प्रयत्न करता आला असता. चांगला माणूस होता, मला सांभाळून घेत होता. मला कळलं ते.

ऑपरेशननंतर त्यांनी कागदावर दुखण्याचं औषध लिहिलं. त्याच जातीचं. माझी जीभ अजून वळवळत होतीच. मी म्हटलं, "साहेब, ह्यांना हे चालत नाही. ह्यांना पूर्वी सवय लागली होती." मला वाटलं, माझी सावधगिरी बघून खूश होतील. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. म्हणजे मी मोजून देईन, वेळेवर देईन आणि चौथ्या दिवसापासून उतरवीन. पण देईन. बरगडीखाली वीतभर कापलंय त्यांना. दुखलं तर ते खोल श्वास घेणार नाहीत, खोकणार नाहीत, छाती भरेल. ज्याला एकदा सवय लागली त्याला पुढे आयुष्यभर दुखतच नाही, असं कुठे शिकलात तुम्ही?"

मी कुठेच शिकले नव्हते. घरीच बसून बनवलं होतं.

संध्याकाळी हे शुद्धीवर आले. ओठ कोरडे, तोंड पिवळं पडलेलं. ड्युटीवरची सिस्टर आली, वयाने पोरसवदा, तिने वाकून विचारलं, "भाऊ, दुखतंय का?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

तो प्रश्न मी आजवर हजारो माणसांना विचारलाय. कुणी उत्तरासाठी बायकोकडे बघितलेलं मला आठवत नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि माझा स्वभाव बघा, तोंडातून आलं ते खेकसूनच. "माझ्याकडे काय बघता? पोट तुमचं कापलंय. सांगा तिला."

हे अगदी हळू म्हणाले, "दुखतंय असं वाटतंय. पण नक्की कसं सांगू? घरी पण वाटत होतं. खूप वाटत होतं. मीच म्हटलं स्वतःला, गप बस रे खोटारड्या, तुझं अंग पुन्हा थापा मारतंय. तू म्हणालीस ना, आठवण येतेय का. मला ते पटलं होतं गं. म्हणून तर कण्हलो नाही."

माझा हात ह्यांच्या हातावर होता. सिस्टर एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं.

"ह्यांना दुखतंय," मी तिला सांगितलं. "द्या."

तिने सुई भरली. मी घड्याळात बघून वेळ कागदावर लिहिली.